उत्पत्तीतले सहा दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, पहिलंच पान उघडलं की हा प्रश्न समोर येतो: देवाने सहा दिवसांत सगळं निर्माण केलं, पण ते दिवस कसले? ख्रिस्ती लोकांनी याची निरनिराळी उत्तरं दिली आहेत आणि ती देणारे सगळेच शास्त्र मानणारे आहेत. नेहमी येणारे प्रश्न खाली घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

मुळात मतभेद कशावर आहे?

देवाने निर्माण केलं की नाही, यावर नाही. ते सगळ्यांना मान्य आहे. उत्पत्ती या बायबलमधल्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय कोणत्या प्रकारचं लेखन आहे, हा खरा वाद. तो घडलेल्या गोष्टींची दिवसवार नोंद असेल, तर दिवस चोवीस तासांचे धरावे लागतात. रचून मांडलेली साक्ष असेल, तर दिवस त्या मांडणीचा भाग ठरतात. वयाचे आकडे, जीवाश्म, डायनासोर हे सगळं त्यानंतरचं. लोक मात्र तिथूनच सुरुवात करतात आणि मग भांडण लवकर तापतं.

दिवस चोवीस तासांचे मानणाऱ्यांचा सर्वांत भक्कम आधार कोणता?

निर्गम या पुस्तकातलं वचन २०:११. दहा आज्ञांमध्ये शब्बाथाचं, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाचं, कारण देताना सांगितलं आहे की परमेश्वराने सहा दिवसांत आकाश, पृथ्वी, समुद्र निर्माण केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. म्हणून तुम्हीही सहा दिवस काम करा. माणसाचा आठवडा जर खरा आठवडा आहे, तर ज्यावर तो बेतला आहे तो वेगळा कसा असेल, असा हा युक्तिवाद. प्रत्येक दिवसाला दिलेला क्रमांक आणि “संध्याकाळ झाली, सकाळ झाली” हे पालुपद त्याला बळ देतात. साधा वाचक पहिल्या वाचनात हाच अर्थ घेतो, हेही नाकारता येत नाही. बाकीच्या मतांना या वचनाला उत्तर द्यावंच लागतं, आणि काहींचं उत्तर तोकडं पडतं.

एक गोष्ट मात्र नजरेआड होते. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात (५:१५) त्याच शब्बाथाचं कारण वेगळं दिलं आहे: तू मिसर देशात दास होतास आणि परमेश्वराने तुला तिथून सोडवलं. तिथे निर्मितीचा आठवडा येत नाही. त्यामुळे निर्गमातलं कारण खोटं ठरत नाही, पण शब्बाथ फक्त त्याच एका कारणावर उभा आहे असंही म्हणता येत नाही.

सूर्य चौथ्या दिवशी आला. मग पहिले तीन दिवस मोजले कशाने?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनी काढला असं पुष्कळांना वाटतं. तो ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) पहिल्या काही शतकांतच विचारला गेला आहे.

तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने सरळ विचारलं की सूर्य, चंद्र आणि तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस झाला, संध्याकाळ आणि सकाळ झाली, असं कोण शहाणा माणूस मानेल? हे शब्दांत दडलेल्या आत्मिक अर्थाकडे बोट दाखवणारं लेखन आहे, असं त्याचं मत होतं.

चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासील याने याच सहा दिवसांवर नऊ प्रवचनं दिली. त्याचा सूर उलटा. रूपकं शोधणाऱ्यांवर तो चिडतोच. गवत म्हटलं की मी गवतच समजतो, असं त्याने सुनावलं आहे. त्याच्या मते दिवस चोवीस तासांचाच. प्रकाश आधी निर्माण झाला, सूर्य हे नंतर त्या प्रकाशाचं वाहन झालं. सूर्याआधी वनस्पती का, यावर त्याचं उत्तर मला फार आवडतं: सूर्याला जीवनाचा कर्ता समजून त्याची पूजा करणाऱ्यांना कळावं की गवत सूर्याआधी उगवलं होतं. अंत्युखियाचा बिशप थियोफिलस हेच दुसऱ्या शतकात म्हणून गेला होता.

आणि इथे एक धागा सापडतो. सूर्य आणि चंद्र यांची नावंसुद्धा पहिला अध्याय घेत नाही. “मोठी ज्योती” आणि “लहान ज्योती” एवढंच म्हणतो. आजूबाजूचे लोक ज्यांना देव म्हणून पूजत होते, त्यांना इथे दिवा लावण्याचं काम दिलं आहे. चौथ्या दिवसाचा हा मुद्दा दिवसाच्या लांबीपेक्षा मोठा आहे, असं मला वाटतं.

म्हणजे हा वाद डार्विनमुळे सुरू झाला नाही?

नाही. डार्विनचं पुस्तक १८५९ चं. त्याच्या कितीतरी आधी भूगर्भाचा अभ्यास करणारे लोक, ज्यांत पाळकही होते, पृथ्वी फार जुनी असल्याचं सांगू लागले होते. आणि त्याच्याही हजार-दीड हजार वर्षं आधी वर सांगितलेला वाद झालेला होता.

ऑगस्टीनला दोन्ही बाजू आपला म्हणतात. तो नेमका कोणाचा?

पूर्णपणे कोणाचाच नाही. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४ ते ४३०) आयुष्यभर या अध्यायाकडे परत परत वळला. उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाला दहाहून अधिक वर्षं लागली. त्यातला निष्कर्ष असा: देवाने सगळं एका क्षणात निर्माण केलं. सहा दिवस म्हणजे काळाचे तुकडे नाहीत. देवदूतांना निर्मितीचं ज्ञान कोणत्या क्रमाने झालं, तो क्रम आहे. पुष्कळ गोष्टी बीजरूपाने ठेवल्या गेल्या आणि योग्य वेळी उमलल्या. यासाठी त्याने सिराखाच्या पुस्तकातल्या एका वचनाचा आधार घेतला. प्रॉटेस्टंट शास्त्रात ते पुस्तक नाही, हे आज त्याचा दाखला देणारे प्रॉटेस्टंट सहसा सांगत नाहीत.

आता दुसरी बाजू. ऑगस्टीन कोट्यवधी वर्षं मानत नव्हता. मानवजातीला सहा हजार वर्षंसुद्धा पूर्ण झालेली नाहीत, असं त्याने स्पष्ट लिहिलं आहे. दिवस लांबवायचे नाहीत, तर पार नाहीसे करायचे, असा त्याचा मार्ग होता. म्हणून जुनी पृथ्वी मानणाऱ्यांनी त्याला आपला वकील करू नये. त्याचा उपयोग एवढाच, पण मोठा: शब्दशः अर्थ शोधतानाही माणूस चोवीस तासांपाशी पोहोचेलच असं नाही, हे त्याच्यावरून दिसतं. ते दिवस कसले होते याची कल्पना करणं अतिशय कठीण, कदाचित अशक्य आहे, असंही त्याने म्हणून ठेवलं आहे.

इ.स.पू. ४००४ हा आकडा कुठून आला?

आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांच्याकडून. १६५० साली त्यांनी वंशावळ्या, राजांची कारकीर्द आणि इतर प्राचीन इतिहास जुळवून निर्मितीचा पहिला दिवस रविवार, २३ ऑक्टोबर, इ.स.पू. ४००४ हा ठरवला. सुरुवात आदल्या संध्याकाळी. १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात त्यांच्या तारखा छापल्या जाऊ लागल्या आणि समासातली तारीख लोकांना वचनाइतकीच पवित्र वाटू लागली.

अशर यांची आज टर उडवली जाते, ती अन्यायाची आहे. त्यांच्या काळाच्या मानाने काम गंभीर होतं आणि ते करणारे ते एकटे नव्हते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या निर्मिती इ.स.पू. ५५०९ मध्ये धरत. रशियात १७०० पर्यंत वर्षं त्याच हिशेबाने मोजली जात. फरकाचं मोठं कारण हे की ग्रीक भाषेतल्या जुन्या करारात आदाम, नोहा यांसारख्या पूर्वजांची वयं हिब्रूपेक्षा जास्त दिली आहेत. इंग्लंडमधल्या बीड या मठवासीने हिब्रू आकडे घेऊन इ.स.पू. ३९५२ काढलं, तर ७०८ साली त्याच्यावर पाखंडाचा आरोप झाला. त्याच्या हिशेबाने जग फार तरुण ठरत होतं, आणि ख्रिस्त जगाच्या सहाव्या युगात आला हे तो नाकारतो, असा आरोप होता!

“प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा”, मग प्रश्न सुटला ना?

एवढ्याने सुटत नाही. स्तोत्र ९०:४ आणि २ पेत्र ३:८ ही वचनं देवाच्या धीराबद्दल आणि काळापलीकडे असण्याबद्दल आहेत, उत्पत्तीतला दिवस किती लांब हे सांगायला नाहीत. सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांनी ही वचनं वापरली, पण वेगळ्या हेतूने: निर्मितीचे सहा दिवस म्हणजे जगाच्या इतिहासाची सहा हजार वर्षं, आणि सातवा दिवस म्हणजे शेवटचा विसावा. शिवाय आज पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं मानलं जातं. सहा हजारांनी तिथवर पोहोचता येत नाही.

दिवस म्हणजे युग, हे मत काय आहे?

प्रत्येक दिवस हा प्रदीर्घ कालखंड. हिब्रूतला दिवसासाठीचा शब्द उत्पत्ती २:४ मध्ये संपूर्ण निर्मितीच्या काळासाठी वापरला आहे, हा त्याचा भाषिक आधार. दुसरा आधार सहाव्या दिवसात सापडतो: पशू निर्माण झाले, आदाम घडला, बाग लावली गेली, त्याने सगळ्या प्राण्यांना नावं दिली, त्याला एकटेपण जाणवलं, गाढ झोप लागली, हव्वा आली. एका दिवसाच्या उजेडात हे सगळं मावेल?

या मताचा गाजलेला पुरस्कर्ता स्कॉटलंडचा ह्यू मिलर. तरुणपणी दगड फोडणारा गवंडी, पुढे जीवाश्मांचा जाणकार. मृत्यूनंतर १८५७ साली निघालेल्या पुस्तकात त्याने तिसरा, पाचवा आणि सहावा दिवस खडकांमधल्या वनस्पतींच्या, महाकाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या युगांशी जुळवले. शाळेत उत्क्रांती शिकवल्यावरून १९२५ साली अमेरिकेत झालेल्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतीविरुद्ध उभा राहिलेला विल्यम जेनिंग्ज ब्रायन हासुद्धा दिवस चोवीस तासांचे मानत नव्हता, आणि त्याने ते साक्षीत कबूल केलं. हे ऐकून आज अनेकांना धक्का बसतो.

अडचण क्रमाची आहे. पवित्र शास्त्रात फळझाडं तिसऱ्या दिवशी आणि जलचर पाचव्या दिवशी. खडकांत जलचर फळझाडांच्या फार आधी. शास्त्रात पक्षी जमिनीवरच्या प्राण्यांआधी, खडकांत उलट. चौथ्या दिवशी सूर्य निर्माण झाला नाही, ढग विरळ होऊन दिसू लागला, असं म्हणावं लागतं. पण मजकूर तर ज्योती “केल्या” म्हणतो. मला हे मत प्रामाणिक वाटतं, पण ते मजकुराला अशा कसोटीवर उभं करतं जी मजकुराने स्वतः मागितलेली नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या वचनामध्ये फट आहे का?

या मताप्रमाणे १:१ मध्ये मूळ निर्मिती, मग मोठा नाश, आणि १:२ पासून पुनर्रचना. मधल्या फटीत कितीही वर्षं बसवता येतात. स्कॉटिश धर्मशास्त्री थॉमस चाल्मर्स यांनी १८१४ च्या सुमारास ते लोकप्रिय केलं आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमुळे ते घराघरांत गेलं. सोयीचं आहे, पण १:२ च्या वाक्यरचनेत असा नाश बसत नाही, आणि एवढी प्रचंड घटना शास्त्राने एका शब्दानेही सांगू नये हे पटत नाही. सगळ्यांत कच्चं मत हेच.

“चौकट” म्हणतात ती काय?

दिवस ओळीने वाचण्याऐवजी तीन-तीनच्या जोड्यांत वाचून बघा. पहिल्या दिवशी प्रकाश आणि अंधार वेगळे, चौथ्या दिवशी ज्योती. दुसऱ्या दिवशी अंतराळ आणि जलं, पाचव्या दिवशी पक्षी आणि जलचर. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि वनस्पती, सहाव्या दिवशी पशू आणि माणूस. आधी तीन दिवस जागा तयार होते, पुढचे तीन दिवस ती भरते. दुसऱ्या वचनात पृथ्वी “आकारविरहित व शून्य” होती. पहिल्या तीन दिवसांत आकार येतो, नंतरच्या तिनांत शून्यता भरते. ही रचना आपोआप झाली असं म्हणणं कठीण आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मशास्त्र्यानेही सहा दिवसांचे वेगळं करणं आणि सजवणं असे दोन भाग पाडले होते.

यावरून नेदरलँड्सचे नोर्टझाय (१९२४) आणि अमेरिकेचे मेरेडिथ क्लाइन (१९५८) यांनी मांडलं की दिवस हे विषयवार मांडणीचे खण आहेत, घटनांचा क्रम नाहीत. क्लाइन यांचा खास मुद्दा उत्पत्ती २:५ चा: पाऊस पडला नव्हता म्हणून झुडपं उगवली नव्हती, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे निर्मितीच्या काळातही देव निसर्गाच्या नेहमीच्या रीतीने काम करत होता.

जोड्या पूर्ण चपखल नाहीत. समुद्र तिसऱ्या दिवशी एकत्र झाला, मासे मात्र दुसऱ्याच्या जोडीदारात. ज्योती दुसऱ्या दिवसाच्या अंतराळात बसवल्या गेल्या. आणि मांडणी सुबक आहे म्हणून क्रम खरा नाही, हे सिद्ध होत नाही. तरीही अध्याय कसा विणला आहे हे दाखवण्यात या मताला तोड नाही.

सातव्या दिवशी “संध्याकाळ झाली, सकाळ झाली” का नाही?

सहा वेळा आलेलं पालुपद सातव्या वेळी गळतं. इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय देवाच्या त्या विसाव्यात आजही प्रवेश करता येतो असं सांगतो. येशूही शब्बाथाविषयीच्या वादात म्हणतो की माझा पिता आजवर काम करत आहे. सातवा दिवस संपलेलाच नसेल, तर निदान एक दिवस तरी चोवीस तासांचा नाही.

यातून दिवस सादृश्याने घ्यावेत हे मत येतं. ते देवाचे कामाचे दिवस आहेत, आपल्यासारखे, पण आपले नाहीत. निर्गम ३१:१७ म्हणतं की सातव्या दिवशी परमेश्वराने विसावा घेतला आणि तो ताजातवाना झाला. देव थकतो असं कोणीच म्हणत नाही. सगळे तिथे सादृश्य मान्य करतात. मग दिवसालाही ते का लावू नये? निर्गम २०:११ ला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्या वाचनात नाही. आपला आठवडा त्याच्या आठवड्यावर बेतलेला राहतो; लांबी सारखी असण्याची गरज उरत नाही.

ल्यूथर आणि कॅल्विन काय म्हणाले?

हे दोघे सोळाव्या शतकातले प्रॉटेस्टंट सुधारक. ल्यूथरने ऑगस्टीनला इथे सोडलं. उत्पत्तीचा लेखक मानल्या जाणाऱ्या मोशेने दिवस म्हटलं तर दिवसच, असं त्याचं रोखठोक मत. कॅल्विनही सहा खरे दिवस मानतो, आणि ते माणसाला समजावं म्हणून देवाने घेतले असं म्हणतो. पण १५५४ च्या भाष्यात तो पुढे एक वाक्य असं टाकतो की थबकायला होतं: खगोल शिकायचा असेल त्याने दुसरीकडे जावं. चंद्र लहान ज्योती असला तरी त्याला दोन “मोठ्या ज्योतीं”पैकी एक म्हटलं आहे, पण शनी चंद्रापेक्षा मोठा असल्याचं ज्योतिर्विद सिद्ध करतात, हे त्याला ठाऊक होतं. मोशेने सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसतं तसं लिहिलं, हे त्याचं उत्तर. पुढच्या चारशे वर्षांत दोन्ही बाजूंनी कॅल्विनचं यातलं अर्धंच उचललं.

कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका?

१९०९ साली पोपच्या बायबल आयोगाने सांगितलं की दिवस नैसर्गिक दिवस किंवा काही कालावधी अशा दोन्ही अर्थांनी घेता येईल, चर्चा खुली आहे. कॅथलिक शिकवणीचा आजचा अधिकृत ग्रंथ (परिच्छेद ३३७) सहा दिवसांची मांडणी प्रतीकात्मक असल्याचं म्हणतो. विश्वाच्या विस्ताराचा सिद्धांत मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरूच होते, हे जाता जाता.

मग आजचं “पृथ्वी सहा ते दहा हजार वर्षांची” हे आंदोलन किती जुनं?

चोवीस तासांचा अर्थ जुना, वर पाहिलंच. पण सगळे खडकांचे थर नोहाच्या जलप्रलयाने साचले, या दाव्यावर उभं असलेलं आजचं रूप विसाव्या शतकातलं. त्याचा पाया ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांनी घातला. १९६१ साली व्हिटकम हे धर्मशास्त्री आणि मॉरिस हे जलाभियंता यांच्या पुस्तकाने ते इतर मंडळ्यांत पसरलं. त्याआधी, १९१० ते १९१५ दरम्यान निघालेल्या आणि “फंडामेंटलिस्ट” या शब्दाला जन्म देणाऱ्या पुस्तिकांतसुद्धा जेम्स ऑर यांच्यासारखे लेखक दिवस दीर्घ मानत होते.

देवाने सगळं आधीच जुनं दिसेल असं निर्माण केलं असेल तर?

इंग्लंडमधले निसर्गअभ्यासक फिलिप गॉस यांनी १८५७ मध्ये हेच मांडलं: आदामाला बेंबी होती, तसे खडकांत जीवाश्म. याला खोडता येत नाही, आणि तीच त्याची अडचण. जे प्राणी कधी जगलेच नाहीत त्यांची हाडं देवाने पुरून ठेवली, असं मानावं लागतं. त्यांच्याच मंडळींना ते रुचलं नाही.

पतनाआधी, म्हणजे आदाम-हव्वेच्या पहिल्या पापाआधी, मृत्यू होता का?

माझ्या मते दिवसांच्या लांबीपेक्षा हा प्रश्न अवघड आहे. रोमकरांस पत्र ५:१२ प्रमाणे मृत्यू पापामुळे आला. पृथ्वी जुनी असेल तर आदामाआधी असंख्य प्राणी मेले. तरुण पृथ्वी मानणारे इथे नेमकं बोट ठेवतात, आणि उत्पत्ती १:३० मध्ये प्राण्यांना वनस्पतीच अन्न म्हणून दिल्या आहेत याकडे लक्ष वेधतात. दुसरी बाजू म्हणते की तेच वचन “सर्व माणसांमध्ये मृत्यू पसरला” असं सांगतं, प्राण्यांबद्दल गप्प आहे; आणि स्तोत्र १०४:२१ मध्ये सिंहाचे छावे देवाजवळ भक्ष्य मागतात, तेही स्तुतीच्या सुरात. माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही, असं अक्वायनसही मानत होता. तरी वेदना आणि नाश “फार चांगलं” या शेऱ्याशी कसे जुळवायचे, हे ओझं जुनी पृथ्वी मानणाऱ्यांनीच उचलायचं आहे.

यावर एकमत नसेल तर एका मंडळीत राहता येतं का?

राहतातच. नायसियाचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचं प्राचीन कथन, दृश्य आणि अदृश्य सर्वांचा कर्ता देव मानायला सांगतो, दिवस मोजायला सांगत नाही. “सहा दिवसांच्या अवधीत” हे शब्द ज्या वेस्टमिन्स्टर विश्वासकथनात आहेत ते मानणाऱ्या अमेरिकेतल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चनेही २००० साली अभ्यास अहवालात चार मतं तपासली, आणि त्यांवरून फूट पडू दिली नाही. तुमच्या मंडळीत शिकवण्याची जबाबदारी घ्यायची असेल, तर पाळकांना आधीच विचारा. काही मंडळ्यांमध्ये शिक्षकांसाठी ठराविक मत बंधनकारक असतं.

मुलं विचारतात, डायनासोर कोणत्या दिवशी?

चोवीस तास मानत असाल तर सहाव्या, माणसाच्याच दिवशी; उडणारे आणि पोहणारे त्यांचे समकालीन पाचव्या. दिवस युग मानत असाल तर बहुतेक पाचव्या युगात, मिलरने तसंच जुळवलं होतं. चौकट मानत असाल तर सांगा की हा अध्याय त्याचं उत्तर द्यायला लिहिलेला नाही. मूल लगेच विचारेल, मग कशाला लिहिलाय? तेव्हा दोघांनी मिळून पहिला अध्याय मोठ्याने वाचा आणि “देवाने पाहिले की हे चांगले आहे” कुठे कुठे येतं ते त्याला शोधू द्या. दुसऱ्या दिवशी ते येत नाही, हे बहुतेक मुलांच्या लगेच लक्षात येतं, आणि मग पुढचा प्रश्न तयारच असतो.